साडूंची पोरकी पॅकेजं

आमच्या राहनाळपासून शेजारच्या वळ गावापर्यंतच्या सगळ्या गोदामांत मिळून जेवढा माल असेल, त्याहून जास्त माल माझे साडू एकटे सांभाळतात, आणि त्यातलं काडीइतकंही डोळ्यांना दिसत नाही. त्यांच्या भातशेतीवर गोदामं उभी राहिली, भाडं घरबसल्या येऊ लागलं. असल्या सुखात माणसाने पोट सुटू द्यावं, निवडणुकीला उभं राहावं. आमच्या साडूंनी काय केलं? गोदामाच्या नोंदींसाठी घेतलेल्या लॅपटॉपवर जगाच्या उठाठेवी सुरू केल्या. देशोदेशीच्या लोकांनी हौसेने लिहिलेले प्रोग्रॅम एका सामायिक कोठारात ठेवलेले असतात म्हणे. कुणीही न्यावेत, उघडून बघावेत, दुरुस्त करून परत ठेवावेत, पैसा कुणी मागत नाही. अशा एकेका प्रोग्रॅमला पॅकेज म्हणतात, आणि प्रत्येक पॅकेज सांभाळायला एक माणूस असतो. एकाला चालायला दुसरं पॅकेज लागतं, दुसऱ्याला तिसरं, आणि कोठार ती सगळी आपणहून जमवून देतं. मला हे काही केल्या कळेना, तेव्हा साडू म्हणाले की एका जावयाला जेवायला बोलावलं की मागून कोण कोण येणार, हे आधीच ओळखून पानं मांडणारं हे घर आहे. ते मात्र मला लगेच कळलं.

आता सांभाळणारी माणसंच ती. कुणाचं लग्न होतं, कुणाला नोकरी लागते, कुणाचा उत्साहच संपतो. मग ते पॅकेज पोरकं होतं. कोठारवाले खरंच त्याला पोरकं म्हणतात आणि कुणी पदरात घेतं का, याची वाट बघतात. साडूंना पोरकं दिसलं की राहवत नाही. परदेशात कुठे बंद पडलेल्या ट्रामचं वेळापत्रक दाखवणारं एक पॅकेज त्यांनी घेतलंय. ट्राम नाही, रूळ नाहीत, वेळापत्रक मात्र साडूंच्या कृपेने अगदी चोख चालतं. लग्नाच्या पंगतीत मध्येच हात थांबवून म्हणतील, "आज एकाची तब्येत बरी न्हाय." शेजारी बसलेला पाहुणा बिचारा घास खाली ठेवतो. एकदा गोदामातल्या हमालाने त्यांना विचारलं होतं, "सेठ, आपका माल तो आते-जाते कभी दिखता नहीं?" साडू म्हणाले, "जाता है ना. जाता है, पर कम नहीं होता." हमालाने जाऊन गोदामाचं कुलूप पुन्हा एकदा ओढून बघितलं.

कोठार परदेशातलं असलं तरी त्याचा कारभार आमच्या राहनाळच्या पद्धतीने चालतो. कुणी चूक दाखवली की साडू आधी त्याच्या घरच्यांची खुशाली विचारतात, मग चुकीकडे वळतात. एका थंड देशातला तिरसट गृहस्थ शिव्या घालायला आला होता, तो आता न चुकता आपल्या गुडघ्याचं दुखणं कळवतो. नवी आवृत्ती पाठवायची तर साडू दिवस बघणार, नारळ फोडणार. पहिला नारळ त्यांनी लॅपटॉपशेजारीच फोडला आणि सगळं पाणी कळफलकात गेलं, तेव्हापासून नारळ उंबऱ्यावर. आणि पितृपक्षात काहीही पाठवायचं नाही, हा नियम म्हणजे तर दगडावरची रेघ. या नियमानेच गेल्या वर्षी घोळ घातला.

त्यांच्या सगळ्या पॅकेजांत एक लाडकं आहे, ते मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवतं. साडूंच्या वडिलांची दृष्टी काचबिंदूने गेली, तेव्हा ते यावर रोज पेपर ऐकायचे. पुढे ते पॅकेज पोरकं झालं आणि वाक्याच्या मध्येच गप्प बसू लागलं. म्हातारा कानाशी हात धरून पुढच्या शब्दासाठी ताटकळायचा. साडूंना ते बघवेना. ते शिकले, धडपडले आणि त्यांनी ते पॅकेज वाचतं केलं. ही सगळी उठाठेव सुरू झाली ती तिथून. वडील गेले, पण साडूंनी ते पॅकेज सोडलं नाही.

गेल्या वर्षी कोठाराची नवी आवृत्ती यायची होती. तिच्याशी जे जुळणार नाही ते काढून टाकणार, आणि मुदत संपत होती नेमकी पितृपक्षात. साडूंची दुरुस्ती पितृपक्षाआधीच तयार होत आली होती, पण ऐन वेळी तिच्यात एक जुनी चूक सापडली, ती काढेपर्यंत पौर्णिमा उलटून पितृपक्ष लागला, आणि मग गडी हटून बसला. मुदत वाढवून मिळावी म्हणून त्यांनी कोठारवाल्यांना पितरांविषयी सविस्तर लिहिलं. उत्तर आलं की, आपल्या इतक्या साऱ्या नातेवाइकांच्या निधनाचं वृत्त वाचून फार वाईट वाटलं, परंतु तारीख बदलता येणार नाही. आता बोला! मी म्हणालो, अहो, त्या लोकांना पितृपक्ष कुठे ठाऊक? तर म्हणतात, "त्यांना न्हाय, मला हाय ना."

तेवढ्यात साताऱ्याकडच्या एका दृष्टिहीन शिक्षिकेचा फोन आला. त्यांच्या शाळेतले संगणक नव्या आवृत्तीवर जाणार होते. हे पॅकेज गेलं तर मुलांचे निबंध दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यावे लागणार, आणि मग वर्ग तरी आपल्याकडे किती दिवस ठेवतील, असं त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. फोन ठेवल्यावर साडू जेवले नाहीत. वडिलांनी घालून दिलेली रीत मोडायची की वडिलांचंच पॅकेज घालवायचं, या कात्रीत माणूस पार उतरून गेला. माझ्यासारख्या औषधांच्या दुकानदाराकडे त्यावर काय गोळी असणार?

तोडगा काढला तो माझ्या मेव्हणीने, म्हणजे साडूंच्या बायकोने. एरवी त्या लॅपटॉपला सवत म्हणणारी ही बाई भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "पितृपक्षात नवीन काय करायचं न्हाय, बरोबर हाय. पन दुसऱ्याच्या मुखी घास घालायचा तर हाच पंधरवडा. त्या बाईंचा घास अडलाय, तो पोचता करा की." साडूंनी उठून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि वडिलांची तिथी बघितली.

वडिलांच्या तिथीला सकाळी, मुदत संपायच्या आदल्या दिवशी, त्यांनी आंघोळ करून दुरुस्ती पाठवली. दुपारी आम्ही सगळे पानांवर बसलो. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, नुसता वास घेऊनच माझा जीव कासावीस. पत्र्यावरचा घास कावळ्याने केव्हाच उचलला होता. अडून बसले होते ते साडू. शिक्षिकाबाईंचा निरोप आला होता, दुरुस्त पॅकेज त्यांच्याकडे वाचायला लागलं म्हणून. साडूंनी लॅपटॉप वडिलांच्या फोटोसमोरच्या नैवेद्याशेजारी ठेवला, आणि त्यातून त्या दिवसाचा पेपर वाचला जाऊ लागला. पहिलं पान झालं, दुसरं झालं. भाव झाले, हवामान झालं. पाणीपुरवठ्याच्या निविदा सुरू झाल्या तेव्हा खिरीवर साय धरली होती, आणि मी, खोटं कशाला सांगू, साडूंना खूण करायला हात उचलला. साडू फोटोकडे बघत होते, डोळे भरून वाहत होते. मेव्हणीने माझा हात हळूच खाली केला.

"वाचू दे पुरतं," ती म्हणाली. "बाबांना मधीच थांबलेलं आवडायचं न्हाय."