उजवीकडची खुर्ची

इंजिनाच्या केबिनमध्ये दोन माणसं असतात. डावीकडे लोको पायलट, ज्याला गावाकडे अजूनही ड्रायव्हरच म्हणतात, आणि उजवीकडे त्याचा सहायक. गाडी चालू असताना त्यांनी गप्पा मारायच्या नसतात, पण गप्पही बसायचं नसतं. पुढचा सिग्नल दिसला की सहायकाने हात करून त्याचा रंग मोठ्याने सांगायचा आणि पायलटने स्वतः पाहून तोच रंग पुन्हा म्हणायचा.

"डिस्टंट, ग्रीन."

"डिस्टंट, ग्रीन."

डिस्टंट म्हणजे पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देणारा सिग्नल. होटगी सोडून वाडी जंक्शन येईपर्यंत हे शंभरएक वेळा होतं. या सगळ्यात 'स्वतः पाहून' हे दोन शब्द महत्त्वाचे. दोन माणसं बसवलेली असतात ती दोघांनी वेगवेगळं पाहावं म्हणून.

गुरुशांत वीरभद्रप्पा कलशेट्टी यांनी हे काम चौतीस वर्षं केलं. त्यातल्या शेवटच्या आठ महिन्यांत ते निम्मंच काम करत होते. सहायक रंग सांगे, ते तो पुन्हा म्हणत. सिग्नल लांब असताना त्यांना तो दिसत नव्हता.

त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध डाग पडला होता. ज्याच्याकडे सरळ पाहावं तेच नाहीसं होई आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं जागच्या जागी राही. मान किंचित डावीकडे वळवून तिरकं पाहिलं की थोडंफार दिसे. सोलापुरातल्या एका खासगी डॉक्टरने मार्च महिन्यात हे त्यांना कागदावर चित्र काढून समजावलं होतं. यावर औषध म्हणावं असं काही नाही, असंही सांगितलं होतं. तो कागद त्यांनी कपाटात, बायकोच्या साड्यांखाली ठेवला. रेल्वेची वार्षिक वैद्यकीय तपासणी डिसेंबरात असते. निवृत्तीला मार्चमध्ये एकवीस महिने उरले होते.

त्यांनी हे का लपवलं, याचं उत्तर पुढे झालेल्या चौकशीच्या कागदांत नाही. होटगीतलं त्यांचं घर पाहिल्यावर ते थोडंसं कळतं.

स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर दोन खोल्या आहेत. चंद्रव्वा, त्यांची बायको, चार वर्षांपूर्वी गेली. मुलगा शिवानंद बंगळुरात असतो, रविवारी फोन करतो. घरात कन्नड बोललं जायचं, ते चंद्रव्वाबरोबर बंद झालं. शिवानंदची बायको हिंदीभाषक, नातू इंग्रजी बोलतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बाजारातून आणली की जेवणाचा प्रश्न सुटतो. बोलण्याचा सुटत नाही. कलशेट्टी मुळात कमी बोलणारे. शेजारी जाऊन बसणं त्यांना कधी जमलं नाही. ड्युटीच्या वेळा अशा की चौतीस वर्षांत कुठल्या पारावर त्यांची जागा ठरली नाही.

केबिनमध्ये मात्र दर दोन-तीन मिनिटांनी कुणीतरी त्यांना काहीतरी सांगत होतं आणि त्यांच्या उत्तराची वाट पाहत होतं. 'डिस्टंट, ग्रीन' या दोन शब्दांसाठी ते कामावर जात होते, असं म्हटलं तर फार चुकीचं होणार नाही. त्यांच्यामागे बहुतेक वेळा मालगाडीच्या, सिमेंटने भरलेल्या वाघिणी असत. म्हणजे प्रवासी नसत. पण फाटकं असतात, रूळ ओलांडणारी माणसं असतात, समोरून येणाऱ्या गाड्या असतात. आपण करतोय ते चूक आहे हे त्यांना माहीत होतं. रोज संध्याकाळी ते उद्या सांगायचं ठरवत आणि रोज सकाळी डबा भरून सोलापूरच्या क्रू लॉबीत ड्युटीची सही करायला जात.

शेवटचे पाच महिने त्यांच्या उजवीकडे बहुतेक वेळा अपेक्षा येलपले असे. सांगोल्याजवळच्या एका वाडीतली ही सत्तावीस वर्षांची मुलगी, मेंढपाळाच्या घरातली. तिची पायलटच्या बढतीची परीक्षा तोंडावर आली होती. ती सिग्नल लवकर सांगायची आणि खणखणीत आवाजात सांगायची. कलशेट्टींचं काम तिच्यामुळे सोपं झालं होतं.

या परीक्षेचा शेवटचा भाग सिम्युलेटरवर असतो. प्रशिक्षण केंद्रातल्या एका खोलीत इंजिनाची हुबेहूब केबिन आहे. खिडक्यांच्या जागी पडदे, त्यावर रूळ पळतात. रस्ता खोटा असतो, कुठल्याही खऱ्या गावाचा नाही, आणि सिग्नलचे रंग दर वेळी बदलतात. त्यामुळे पाठांतराचा उपयोग होत नाही. त्यात बारा धडे आहेत. अकरावा सगळ्यांना माहीत आहे, पण तो कुठल्या सिग्नलपासून सुरू होईल हे कुणालाच माहीत नसतं.

अकराव्या धड्यात एक पिवळा सिग्नल लागतो, म्हणजे वेग कमी करा. पुढे वळण, वळणाआड फाटक, आणि फाटकात रुळावर अडकलेला उसाचा ट्रॅक्टर. ट्रॉलीवर माणसं बसलेली असतात. पिवळा दिसताक्षणी ब्रेक लावला तरी गाडी ट्रॅक्टरच्या अलीकडे थांबत नाही. धडक बसतेच, फक्त कमी वेगाने बसते. नवी मुलं यावर हमखास विचारतात, की मग थांबते कधी?

परीक्षेच्या आठवडाभर आधी अपेक्षानेही तिलाटी स्टेशनला गाडी बाजूला उभी असताना हाच प्रश्न विचारला होता.

"थांबत न्हाय," कलशेट्टी म्हणाले.

"मग त्यात पास कसं व्हायचं काका?"

"त्यात पास व्हण्यासारकं काय नस्तंय. नापास व्हण्यासारकं लई अस्तंय."

"म्हंजे?"

"कोण डोळे मिटतंय. कोण ब्रेक सोडून हॉर्नच वाजवत बसतंय. कोण धडक बसल्यावर रडतंय आणि गार्डला कळवायचं राहतंय. ते बघतात."

"तुमच्या गाडीखाली कधी..."

"सहा," ते म्हणाले. "पाणी पी. सिग्नल पडंल आता."

नोव्हेंबरात, परीक्षेच्या सकाळी, कलशेट्टी केंद्रात होते ते स्वतःच्या उजळणी वर्गासाठी. परीक्षा घेणारे मुख्य निरीक्षक सयाजी नवगिरे त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. एके काळी कलशेट्टींच्याच हाताखाली सहायक म्हणून शिकलेले. परीक्षेत उजवीकडे कुणीतरी जुना माणूस बसवायचा, अशी केंद्राची पद्धत आहे. ज्याचं नाव ठरलं होतं तो तापाने आला नाही.

"अण्णा, आज तुम्ही उजवीकडं," नवगिरे म्हणाले.

"मी? चौतीस वर्षानं परत असिस्टंट?"

"एक तासाचा प्रश्न आहे. बदल्यात हिच्याकडून चहा घ्या."

"पास झाले तर," अपेक्षा म्हणाली.

नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. कलशेट्टी उजवीकडच्या खुर्चीत बसले. नवगिरे मागच्या काचेच्या खोलीत गेले आणि कानाला हेडफोन लावला.

उजवीकडे बसणाऱ्याने आधी बोलायचं असतं. हे कलशेट्टींना माहीत नव्हतं असं नाही, पण त्याचा अर्थ पहिला सिग्नल आला तेव्हा त्यांच्या लक्षात आला. आठ महिने ते दुसऱ्याच्या आवाजावर चालले होते. इथे पहिला आवाज त्यांचाच होता.

पहिले तीन सिग्नल सरळ रुळावर होते. त्यांनी मान तिरकी केली, दिवा वर लागलाय की खाली याचा अंदाज घेतला, कारण प्रत्येक रंगाची जागा ठरलेली असते, आणि रंग सांगितला. तिन्ही बरोबर आले. अपेक्षाने ते स्वतः पाहून पुन्हा म्हटले. वेग नव्वदच्या पुढे गेला.

चौथा सिग्नल उजव्या वळणावर होता. असा सिग्नल उजवीकडच्या खुर्चीतून आधी दिसतो. डावीकडच्याला तो दिसेपर्यंत बरंच अंतर कापलं जातं. म्हणून तिथे पायलट सहायकाच्या शब्दावर असतो. कलशेट्टींनी सरळ पाहिलं. तिरकं पाहिलं. झाडं दिसली, खांब दिसला. खांबाच्या टोकाला काहीच नव्हतं.

"काका, डिस्टंट?" अपेक्षाने विचारलं.

अंदाज करायचा तर ग्रीन म्हणणं शहाणपणाचं होतं. दहातले सात ग्रीनच असतात. बरोबर आलं असतं तर डिसेंबरपर्यंत कुणाला काही कळलं नसतं. चुकलं असतं तर अकरावा धडा तिने नव्वदच्या वेगाने संपवला असता आणि नापास झाली असती. एक तिसरं उत्तर नियमात होतं. सिग्नल दिसला नाही तर तो लाल आहे असं धरायचं. पण स्वच्छ उजेडात, पाऊस-धुकं काही नसताना ते उत्तर देणारा सहायक पुन्हा इंजिनात बसत नाही.

"डिस्टंट, दिसत नाही," कलशेट्टी म्हणाले.

तिने त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही. "डिस्टंट, दिसत नाही," ती म्हणाली आणि ब्रेक लावला.

सिग्नल पिवळा होता. वळणाआड फाटक होतं, फाटकात ट्रॅक्टर होता. पडद्यावरची माणसं ट्रॉलीतून उड्या मारू लागली. सगळ्यांना जमलं नाही. धडक बसली तेव्हा वेग अठ्ठावीस होता. अपेक्षाने इंजिनाचा धोक्याचा दिवा लावला, वॉकीटॉकीवर गार्डला सांगितलं, स्टेशनला सांगितलं, वेळ आणि किलोमीटरचा आकडा सांगितला. आवाज एकदाही हलला नाही. मग पडदा जागच्या जागी थांबला.

नवगिरे काचेच्या खोलीतून बाहेर आले. "लागायचंच होतं ते," अपेक्षाला म्हणाले. "अठ्ठावीस चांगला आहे." मग कलशेट्टींकडे वळले. "अण्णा, दिसत नाही म्हणजे?"

कलशेट्टींनी मान तिरकी करून पडद्यावरच्या ट्रॅक्टरकडे पाहिलं.

"पडदा जुना झालाय," नवगिरे म्हणाले. "उजव्या कोपऱ्यात फिका पडतो कधी कधी. मी तसं लिहितो. विषय संपला."

"आणि हिचं?"

"पडद्यात दोष म्हटल्यावर परीक्षा धरता येत नाही. रद्द होणार. पुढची तुकडी मे महिन्यात आहे, तेव्हा देईल. तरुण आहे की."

अपेक्षा हातमोजे काढत होती. काढायची थांबली.

"पडदा चांगला हाय साहेब," कलशेट्टी म्हणाले. "डोळे गेलेत."

"कधीपासून?"

"मार्च."

नवगिरेंनी मनात महिने मोजले असावेत. "मार्चपासून तुम्ही गाडी चालवताय?"

"व्हय."

नवगिरे खुर्ची ओढून बसले. खिशातून पेन काढलं. त्यानंतर ते अण्णा म्हणाले नाहीत. "कलशेट्टी, हे तुम्हाला लिहून द्यावं लागेल," म्हणाले आणि कागद पुढे केला. कलशेट्टींनी मान तिरकी करून चार ओळी लिहिल्या. ओळी खाली उतरत गेल्या होत्या. तो कागद फाइलमध्ये आहे.

चहा अपेक्षानेच आणला. केंद्राच्या व्हरांड्यात दोघं उभ्याने प्याले.

"मला वाटायचं तुम्हाला कमी ऐकू येतंय," ती म्हणाली.

"का?"

"मी बोलल्याशिवाय तुम्ही बोलायचा नाही. आणि मान अशी करायचा. कान देताय असं वाटायचं. म्हणून मी ओरडून सांगायचे."

"तरीच," कलशेट्टी म्हणाले. "मी म्हटलं, ह्या पोरीला मेंढरं हाकायची सवय हाय."

ती हसली. मग म्हणाली, "मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तू काय केली असतीस?"

तिने पेल्यातला चहा फिरवला. "वर कळवलं असतं."

"मग बरोबर हाय की," ते म्हणाले.

डिसेंबरची तपासणी त्यांची नोव्हेंबरातच झाली. चौकशी झाली, दोन वेतनवाढी थांबल्या, इंजिनावर बसणं बंद झालं. सेवेची वर्षं पाहून त्यांना काढलं नाही. सोलापूरच्या क्रू लॉबीत, जिथे गाडीवर जाणारी माणसं सही करतात, तिथे टेबल दिलं. काम एवढंच: आज कुठे रूळ दुरुस्तीला आहे आणि तिथे वेग किती ठेवायचा, याचा छापील कागद प्रत्येक पायलटच्या हातात द्यायचा आणि त्याची सही घ्यायची.

कागद मुलं स्वतः वाचतात. तरीही कलशेट्टी तो मोठ्याने सांगतात. रोज सकाळी आल्यावर ते शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाकडून कागद दोनदा वाचून घेतात आणि पाठ करतात.

"होटगी ते तिलाटी, तीस."

"हो काका," मुलं म्हणतात आणि सही करून निघतात. काही जण तेही म्हणत नाहीत, कानात फोन असतो.

अपेक्षा पास झाली. जानेवारीपासून डावीकडे बसू लागली. हिवाळाभर आठवड्यातून दोन-तीनदा ती लॉबीत यायची, तेव्हा टेबलासमोर उभी राहायची.

"होटगी ते तिलाटी, तीस," ते म्हणायचे.

"होटगी ते तिलाटी, तीस," ती म्हणायची आणि मग सही करायची. त्यापलीकडे दोघांत फारसं बोलणं होत नसे. एकदा तिने सांगितलं, की तिचा नवा सहायक हळू बोलतो. कलशेट्टी म्हणाले, एखाद्या सिग्नलला त्याला आधी बोलू देऊ नको, तू आधी बोल आणि तो काय करतो बघ. ती म्हणाली, बघितलं, त्याला दिसतं.

एप्रिलमध्ये तिची दौंडला बदली झाली. आता ती सोलापूरच्या लॉबीत येत नाही.

कलशेट्टींची ड्युटी दुपारी दोनला संपते. पॅसेंजरने ते होटगीला उतरतात, सात मिनिटं चालतात, कुलूप काढतात. घराच्या मागून रूळ जातो. मालगाडी आली की भिंतीवरची भांडी वाजतात. घराजवळच एक सिग्नल आहे. तो त्यांना दिसत नाही, पण येणाऱ्या गाडीचा वेग कमी होतोय की नाही यावरून त्याचा रंग ते आवाजाने ओळखतात. शेजारच्या महेश्वरीबाई सांगतात, की म्हातारा मागच्या दाराशी बसून एकटाच काहीतरी बोलतो.

काय बोलतात, हे महेश्वरीबाईंना कळलेलं नाही. दोनच शब्द असतात, त्या म्हणाल्या. एकदा म्हणतो आणि थांबतो.