आत्याच्या लग्नातलं सरबत

माझी आत्या सोळाव्या वर्षी लग्न होऊन गेली आणि एकोणिसाव्या वर्षी परत आली. तिच्या नवऱ्याला वावरात साप चावला होता. मूलबाळ नव्हतं. दिवसकार्य झाल्यावर बाबा बैलगाडी घेऊन गेले आणि तिला घाटंजीला आमच्या घरी घेऊन आले. तेव्हा मी अंगावर पिणारी होते, असं माय सांगायची. म्हणून आत्या आमच्या घरात नव्हती असा एकही दिवस मला आठवत नाही. माझी वेणी तीच घालायची. शाळेची पाटी तीच पुसून द्यायची. मायबरोबर ती कापूस वेचायला जायची आणि वेचणी संपली की उन्हाळ्यात वावरातल्या पऱ्हाट्या उपटायला. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं वाळलेलं झाड. ते उपटून उपटून तिच्या तळहातांना चिरा पडायच्या, त्यात ती झोपताना गोडं तेल भरायची.

बाबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले तेव्हा मी सात वर्षांची होते. घरातले देव त्यांनी टोपल्यात भरून नदीत सोडले. माय त्या दिवशी बोलली नाही, पण आडवीही आली नाही. पुढं चार वर्षांनी, मी अकरा वर्षांची असताना, आत्याच्या लग्नाची गोष्ट निघाली.

आमच्यात विधवेचं दुसरं लग्न पूर्वीही होत असे, पण त्याला लग्न कोणी म्हणत नव्हतं. त्याला पाट म्हणत. पाट अंधार पडल्यावर, घराच्या मागल्या बाजूला, चार माणसांत लागायचा. वाजंत्री नाही, मांडव नाही. नवऱ्यानं बाईला दिवस उजाडायच्या आत घेऊन जायचं. पाट लागलेल्या बाईचं तोंड सवाशिणीनं बघू नये, बघितलं तर तिच्या नवऱ्यावर संकट येतं, असं बाया मानत. आत्यानं लहानपणी तिच्या मावशीचा पाट पाहिला होता. मावशी मागल्या दारानं डोक्यावरून पदर ओढून गेली आणि कोणी तिला वाटे लावायलाही आलं नाही, हे तिनं मला एकदा केस विंचरताना सांगितलं होतं.

बघायला आला तो माणूस यवतमाळजवळच्या लोहाऱ्याचा. यवतमाळला एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यात, तो यंत्रांना तेल घालायचं काम करी. पहिली बायको बाळंतपणात गेली होती. चैत्रातल्या एका दुपारी तो मामाला घेऊन एसटीनं आला. स्टँडपासून आमच्या वस्तीपर्यंत चालत येईपर्यंत दोघं घामानं निथळत होते. मायनं चहाचं आधण ठेवायला घेतलं, तर आत्या म्हणाली की एवढ्या उन्हात चहा कशाला, मी सरबत करते.

तिची सरबत करायची रीत मला पाठ झाली होती. लिंबू आधी पाट्यावर तळहातानं दाबून फिरवायचं, म्हणजे रस सुटतो. आडवं कापायचं. पिळताना साल चुरगाळायची नाही, नाहीतर कडवटपणा उतरतो. साखर आमच्याकडे सणालाच यायची, म्हणून गूळ. गूळ पाण्यात विरघळवून धोतराच्या फडक्यातून गाळून घ्यायचा, त्यात काडी, रेती सगळं वर राहतं. मग मिठाचा खडा, आणि सगळ्यात शेवटी रस. तिचं सरबत चहाच्या रंगाचं व्हायचं. पुढं कित्येक वर्षांनी मी पांढरं सरबत पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते पाणचट वाटलं.

त्या माणसानं पहिला पेला एका दमात संपवला आणि खाली बघत विचारलं, अजून आहे का. आत्यानं दुसरा दिला. मामा आणि बाबा शेतीवाडीचं, पाहुण्यारावळ्यांचं बोलत बसले. शेवटी मामा म्हणाले की माणसं पसंत आहेत, आता पोर्णिमेनंतर एखाद्या दिवशी सांजच्याला उरकून घेऊ, उजाडायच्या आत आम्ही तिला घेऊन निघू.

आत्या दाराच्या चौकटीशी उभी होती. ती पाहुण्यांसमोर बोलेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

"मी अंधारात येत नाई," ती म्हणाली. "लगन लावायचं असंन तर दिवसा लावा. उन्हात. सगळ्यायले दिसलं पायजे."

मामा बाबांकडे बघू लागले. बाबा काही बोलायच्या आत तो माणूसच म्हणाला, "माह्या मनातही तेच होतं." आणि हातातला रिकामा पेला त्यानं जपून खाली ठेवला.

बाबांना आनंद झाला. आपला धर्म आता निराळा आहे, पाट आता नाही, लग्न म्हणजे लग्न, असं ते वस्तीत सगळ्यांना सांगत फिरले. वैशाखातला दिवस ठरला आणि वेळ ठरली दुपारी बारा. वस्तीतल्या दोन म्हाताऱ्या मायला येऊन म्हणाल्या की तू सांभाळून राहा बाई, तुझं कुंकू धडधाकट आहे. मागच्या पावसाळ्यात बाबा तापानं अंथरुणाला खिळले होते, सतरा दिवस. त्या सतरा दिवसांत माय अर्धी झाली होती. म्हाताऱ्यांचं बोलणं तिच्या मनात कुठं जाऊन बसलं ते मला तेव्हा कळलं नाही.

भरदुपारी लग्न म्हटल्यावर येणाऱ्यांना काहीतरी गार द्यायला हवं होतं. सगळ्यांना सरबत द्यायचं ठरलं. आणि मायनं आपणहून सांगितलं की सरबताचं मी बघते, घरामागं बसून करते, माझ्याबरोबर पोरगी राहील. सगळ्यांना वाटलं की वहिनीनं मोठं काम अंगावर घेतलं. मलाही तसंच वाटलं.

आमच्या शेजारी कल्हईवाल्याचं घर होतं. त्याला आम्ही चाचा म्हणायचो, त्याच्या बायकोला चाची. चाचीच्या अंगणात लिंबाचं झाड होतं. वैशाखात बाजारात लिंबं फार मिळत नाहीत, पण चाची भांडी धुतलेलं पाणी वर्षभर त्याच्या मुळाशी ओतायची, म्हणून तिच्या झाडाला ऐन उन्हाळ्यातही लिंबं असत. लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं मला बोलावलं. मी झोळी धरली, ती काट्यांत हात घालून लिंबं तोडत गेली. टोपलं भरलं तेव्हा तिच्या हातावर ओरखडेच ओरखडे होते. मी पुरे म्हणाले तर ती म्हणाली, "तेरी फूफी की शादी है. पेड फिर भर जाएगा." फूफी म्हणजे आत्या.

टोपलं घेऊन ती माझ्याबरोबरच आमच्या घरी आली, आणि बरं झालं आली. मायनं वस्तीतला लग्नाकार्याचा मोठा पितळी गंज घासून मधोमध ठेवला होता. शंभर माणसांचा भात शिजेल एवढं ते पातेलं. चाचीनं आत डोकावून पाहिलं आणि बोटानं तळ खरवडला. आतली कल्हई कधीच उडून गेली होती, पिवळं पितळ दिसत होतं.

"ह्याच्यात निंबू पिळू नको," ती मायला म्हणाली. "कळकून जाईन. पिणारे सगळे वकतीन." वकतीन म्हणजे ओकतील.

एवढं दुसरं भांडं वस्तीत नव्हतं. मातीचे माठ होते, ते पाण्यालाच लागणार होते. चाची घरी गेली आणि थोड्या वेळानं चाचा भाता खांद्यावर घेऊन आला. त्यानं अंगणात खड्डा करून विस्तव पेटवला. गंज तापल्यावर त्यात नवसागर टाकून कापसाच्या बोळ्यानं घासला, पांढरा धूर निघाला आणि आम्ही सगळे खोकायला लागलो. मग कथलाची कांडी फिरवून त्यानं बोळा असा काही फिरवला की पिवळा गंज आतून चांदीसारखा झाला. मी आत वाकून पाहिलं तर माझं तोंड दिसलं. चाचा हात पुसत बाबांना म्हणाला की आता यात निंबू पिळा नाहीतर चिंच कोळा, कोणाचं पोट दुखणार नाही.

लग्नाच्या दिवशी अंगणात पळसाच्या डहाळ्यांचा मांडव होता. आत्याला पांढरं लुगडं नेसवलं. त्या पांढऱ्या लुगड्यात तिचा उन्हानं रापलेला चेहरा मला नवाच वाटला. वस्तीतले एक गुरुजी त्रिशरण, पंचशील म्हणायला उभे राहिले. लोक इतके आले की मांडवात मावले नाहीत, उन्हातच उभे राहिले.

मी आणि माय घरामागं भिंतीच्या सावलीत बसलो होतो. गूळ विरघळवून, गाळून झाला होता. चाचीनं दिलेला सब्जा एका वाटीत भिजून फुगला होता. मी लिंबं कापत होते, माय पिळत होती. पलीकडून गुरुजींचा आवाज येत होता. मी म्हणाले, माय, चल ना, थोडं पाहून येऊ, परत येऊन पिळू. ती म्हणाली, तू जा. मी म्हणाले, तू काहून येत नाई? ती पिळून झालेलं लिंबूच पुन्हा पिळत राहिली. मग माझ्या लक्षात आलं की सकाळपासून तिनं आत्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. लुगडं नेसवताना ती बाहेर होती. हळद लागली तेव्हा ती पाणी आणायला गेली होती. घरामागं बसायचं काम तिनं यासाठीच मागून घेतलं होतं.

मी गेले नाही. तिला एकटीला सोडून जावंसं वाटेना.

पलीकडे टाळ्या वाजल्या, फुलं उधळली असावीत. माय लिंबू पिळायची थांबली आणि पुन्हा पिळू लागली. थोड्या वेळानं भिंतीच्या कोपऱ्यावरून आत्या आली. गळ्यात हार, कपाळ घामानं ओलं. एकटीच होती. मायनं मान खाली घातली, इतकी खाली की हनुवटी गळ्याला टेकली.

आत्यानं ते पाहिलं. हार काढून तिनं माझ्या हातात दिला, मायच्या समोर बसली, एक लिंबू उचललं आणि पिळायला लागली. आठ दिवसांपूर्वीपर्यंत ती पऱ्हाट्या उपटत होती. तिच्या तळहातांच्या चिरा अजून भरल्या नव्हत्या. रस त्यांत गेला तसा तिनं दातांखाली ओठ धरला, पण हात थांबवला नाही. दुसरं लिंबू घेतलं. तिसरं घेतलं.

माय खालमानेनं तिचे हात पाहत होती. चौथ्या लिंबाला तिनं ते दोन्ही हात धरले.

"राहू दे, बाई. झोंबून राह्यलं ना तुले."

"झोंबून राह्यलं," आत्या म्हणाली.

मायनं जवळच्या माठातून पाणी घेतलं, तिचे हात धुतले, आपल्या पदरानं पुसले, आणि मग वर पाहिलं. सरळ तिच्या तोंडाकडे. किती वेळ पाहिलं ते मला सांगता येणार नाही. मला भीती वाटत होती, कशाची ते मात्र ठाऊक नव्हतं.

"मले त्यायची धास्ती वाटते," माय म्हणाली. त्यायची म्हणजे बाबांची. "अजून रातीले त्यायच्या कपाळाले हात लावून पाहतो मी."

"मले माईत आहे, वैनी. म्हून तर मी आली. मी तुले तिकडं बोलावलं असतं तर तू आली नसती."

माय रडली नाही. तिनं रस गुळाच्या पाण्यात ओतला, ढवळला, सब्जा घातला, आणि पहिला पेला भरून आत्याच्या हातात दिला. आत्यानं घोटभर पिऊन पेला मायपुढं धरला. माय जरा थांबली आणि त्याच पेल्यातून प्यायली.

"मीठ कमी झालं," आत्या म्हणाली.

"तूच टाक मंग," माय म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली.

सरबत सगळ्यांना पुरलं. चाचा-चाची प्यायले, गुरुजी प्यायले, त्या दोन म्हाताऱ्याही प्यायल्या आणि पुन्हा मागून घेतलं. पेले थोडे होते, म्हणून लोक घरून लोटे घेऊन आले होते. वाढायला माय स्वतः मांडवात गेली.

उन्हं कलल्यावर आत्या निघाली. सगळी वस्ती एसटी स्टँडपर्यंत चालत गेली. पुढं माय आणि आत्या, मागं आम्ही. बाजारपेठेतले दुकानदार उठून पाहत होते. एसटी सुटताना आत्या खिडकीतून मायला सांगत होती की पोरीची शाळा बंद करू नका, इथली शाळा झाली की तिला माझ्याकडे पाठवा. आत्याच्या नवऱ्यानंही मान हलवली.

पुढं तसंच झालं. मी लोहाऱ्याला आत्याकडे राहून यवतमाळच्या हायस्कुलात जाऊ लागले. आत्याला तोवर एक मुलगी झाली होती. तिचा नवरा कामावरून आला की कपड्यांना तेलाचा वास यायचा. तो फार बोलायचा नाही, पण मी अभ्यासाला बसले की कंदील माझ्याकडे सरकवून ठेवायचा. मी मॅट्रिक झाले तेव्हा माय आणि बाबा दोघं लोहाऱ्याला आले. बाबा चांगले धडधाकट होते, पुढंही पुष्कळ वर्षं राहिले. दुपारी माय आणि आत्या ओसरीवर पाय पसरून शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि माझ्या निकालाचा कागद हातात घेऊन, वाचता येत नसताना, माझं नाव त्यात कुठं आहे ते एकमेकींना बोटानं दाखवत होत्या.