देवाचा संत्रा

"साहेब, मशीन सगळाच माल फेकून राहिली. एक संत्रा पास नाही करून राहिली. तुम्ही आत्ताच्या आत्ता या."

फोनवर रमेशभाऊ होते. नरखेड तालुक्यात त्यांचं संत्र्यांचं पॅकिंग हाऊस आहे आणि तिथलं ग्रेडिंग मशीन मी बसवलेलं आहे. त्या दिवशी खंडेनवमी होती. हुडकेश्वरच्या आमच्या घरी बायको माझ्या टूलकिटला हळदकुंकू वाहत होती. मी तिला दरवर्षीप्रमाणे सांगत होतो की पान्याला श्रद्धा कळत नाही, त्याला फक्त नट कळतो. तिने ऐकून न ऐकल्यासारखं करून किट माझ्या हातात दिलं आणि मी गाडी काढली.

हे मशीन तसं साधं. पट्ट्यावरून संत्री एकेक करून जातात. वर काचेच्या खिडकीमागे कॅमेरा असतो. तो रंग आणि आकार बघतो आणि ठरवतो, हे एक नंबर, हे दोन नंबर, हे रिजेक्ट. त्याप्रमाणे संत्रं त्या त्या कॅरेटमध्ये पडतं.

मी पोहोचलो तेव्हा रिजेक्टची कॅरेटं भरून वाहत होती आणि एक नंबरची कोरडी ठाक. मालाला बोट ठेवायला जागा नव्हती. आंबिया बहाराची टवटवीत फळं. ट्रक दारात उभा होता, तो संध्याकाळी निघायचा होता.

मी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं आणि मला हसूच आलं. काचेवर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक होतं.

आता मी देव मानत नाही हे सगळ्या पॅकिंग हाऊसला ठाऊक आहे. अशी संधी मी सोडतो होय? दहा मिनिटं भाषण ठोकलं. यंत्राचा डोळा म्हणजे काय, श्रद्धा घरी का ठेवावी, वगैरे. सगळे माना डोलावत होते. फक्त वंदनाताई खाली बघत होत्या.

वंदनाताई मशीनच्या ऑपरेटर. आधी त्या पॅकिंगला बसत. मग हट्टाने मशीन शिकल्या आणि चार हंगाम त्यांनी ते एकटीने चालवलं. पूजा त्यांनीच केली होती.

"काहून वं वंदना, काचेले काहून लावलं?" रमेशभाऊ तडकले. "दसऱ्यानंतर तू पॅकिंगलेच बस. मशीनवर मी दुसरा माणूस ठेवतो."

त्यांचा चेहरा उतरला. मी काच पुसली, लख्ख केली आणि ऐटीत म्हटलं, "करा चालू."

पहिलं संत्रं रिजेक्ट. दुसरं रिजेक्ट. तिसरंही.

मग मी दिवे तपासले, केबल तपासल्या, पट्टा तपासला. तासभर गेला. माझ्या भाषणाची कुणी आठवण काढली नाही, हे त्या लोकांचे उपकार.

चहा आला तेव्हा वंदनाताई हळूच म्हणाल्या, "साहेब, पूजेच्या आधीच बिघडली होती हे."

"तुम्हाला कसं कळलं?"

"सकाळी देवाचा संत्रा रिजेक्टमधे गेला न."

"देवाचा संत्रा म्हणजे?"

त्यांनी मशीनच्या पॅनलवरच्या गणपतीकडे बोट दाखवलं. रोज माल संपला की सगळ्यात चांगलं फळ त्या गणपतीपुढे ठेवत. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच फळ एकटं पट्ट्यावर सोडत. ही मशीनची बोहनी. ते एक नंबरमध्ये पडलं की प्रसाद म्हणून सगळ्यांना फोडी वाटायच्या आणि मग काम सुरू. "आज देवाचाच संत्रा फेकला तिनं. मले वाटलं, मशीन रुसली. म्हणून यंदा चौकटीले न लावता कुंकू सरळ तिच्या डोळ्यालेच लावलं."

माझा चहाचा कप हातातच राहिला. त्या संत्र्याला मी ओळखत होतो.

मशीनचा रिपोर्ट मला इंटरनेटवरून घरी दिसतो. दोन महिने मी बघत होतो, रोज सकाळी एकच फळ मोजलं जातं आणि नंतर बराच वेळ काही नाही. आमच्या धंद्यात याला घोस्ट काउंट म्हणतात, म्हणजे नसलेलं फळ मोजणं. आदल्या संध्याकाळी मी घरी बसून कॅमेऱ्याची उजेडाची सेटिंग कमी केली होती, ते भूत दिसू नये म्हणून. भूत नव्हतंच, त्यामुळे ते गेलं नाही. पण कॅमेऱ्याला सगळी संत्री काळपट दिसायला लागली आणि काळपट म्हणजे सडकी.

लॅपटॉप माझ्यासमोर होता. जुनी सेटिंग टाकायला अर्धं मिनिट पुरे होतं.

"कुंकू आत गेलं असंल, साहेब," रमेशभाऊ म्हणाले. "म्हणून वेळ लागून राहिला."

खोटं कशाला सांगू, मोह झाला. हो म्हटलं असतं तर माझं भाषणही खरं ठरलं असतं. पण समोर वंदनाताई रिकामा कप धरून उभ्या होत्या आणि मला माझीच लाज वाटली.

"कुंकवाचा काही संबंध नाही," मी म्हटलं. "सेटिंग मी बिघडवली. काल. घरून." आणि सगळं सांगितलं.

रमेशभाऊंनी आधी गणपतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हंजे देव बरोबर होता अन् तुम्ही चुकले?"

"वंदनाताई बरोबर होत्या. मशीन त्यांच्याकडेच ठेवा."

"ठेवतो न बाप्पा. तुमच्याकडं कशी ठेवू?"

सगळे खो खो हसले. मीही हसलो, जरा उशिराने.

सेटिंग परत केली. वंदनाताईंनी सकाळचं ते संत्रं पदराने पुसलं आणि पट्ट्यावर सोडलं. ते घरंगळत एक नंबरमध्ये जाऊन पडलं. ट्रक वेळेवर निघाला. मी माफी मागितली तेव्हा त्यांनी माझ्या हातावर दोन फोडी ठेवल्या. "ते राहू द्या. प्रसाद घ्या." मी घेतल्या. गोड होत्या.

देव मी अजूनही मानत नाही. पण विज्ञान म्हणजे तपासून पाहणं, हे मी लोकांना शिकवत फिरतो आणि दोन महिन्यांत एक फोन करून विचारलं नाही की बाई, सकाळी काय सोडता? देव न मानणारा माणूस भूत मानून बसला होता. आणि पूजा करणारी बाई रोज सकाळी मशीन तपासत होती.

आता कुंकू चौकटीला लागतं, काचेला नाही. आणि मशीनच्या सूचनांत मी पहिली ओळ घातली, 'रोज सकाळी एक टेस्ट फ्रूट चालवून पाहावे.' वंदनाताईंनी ती वाचली.

"टेस्ट फ्रूट काय असते, साहेब?"

"देवाचा संत्रा."

"मंग तसंच लिहा न."

तसंच लिहिलं. आता मी बसवतो त्या प्रत्येक मशीनच्या सूचनांत ती ओळ असते. मागे एका गिऱ्हाईकाने विचारलं, "साहेब, कोणत्या देवाचा?"

मी म्हटलं, "कोणताही चालेल. संत्रा मात्र एक नंबर पाहिजे."