मास्तरांचा आवाज

"हडबड काहून करून राहिला?" हे मास्तरांचं ठरलेलं वाक्य. समोरचा ढिम्म बसलेला असला तरी ते म्हणायचे. मला मात्र ते प्रत्येक वेळी लागू पडायचं.

मास्तर म्हणजे गढा मोहल्ल्यातले आमचे शेजारी, गणिताचे रिटायर शिक्षक. कॉम्प्युटरचा जाणकार म्हणून गल्लीत माझी ख्याती होती. ती मीच पसरवलेली, हे तुम्ही ओळखलंच असेल. एकदा त्यांचा फोन माझ्या कॉम्प्युटरवर दिसेना. दोन तास मी कॉम्प्युटर बंद-चालू करत बसलो. शेवटी मास्तर म्हणाले, "भैया, ही वायर नुसती चार्जिंगची तर नाही ना?"

तीच होती.

पुढे त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. मास्तरांनी रोजची वाक्यं फोनमध्ये भरायला घेतली. "चहा टाक." "पेपर आला का?" मग बटण दाबलं की मास्तर बोलले!

ऑपरेशनसाठी नागपूरला निघायच्या दिवशी ते माझ्याकडे आले. गाडी दारात उभी होती. आवाज पार बसलेला. "फोन जुना आहे, कधीही दगा देईल. कॉम्प्युटरवर ठेवून दे."

तपासायला मी एक रेकॉर्डिंग लावलं. त्यात फक्त काकूंचं नाव होतं. जन्मभर बायकोला "ऐकलं का?" एवढीच हाक मारणारे मास्तर चक्क लाजले. "तिला सांगू नको बे. परत आलो की ऐकवीन."

कॉपी करायचं, तर मी कट केलं. फोनमध्ये जागा होईल, ही माझी हुशारी. निम्म्यात माझाच पाय वायरीत अडकला. पुन्हा जोडून पाहिलं, तर फोल्डर दोन्हीकडे रिकामं.

बाहेर हॉर्न वाजत होता. मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे. माझी वाक्यं तिला पाठ आहेत."

निदान नागपूरच्या वाटेवरचा तिलवाऱ्याचा पूल येईपर्यंत तरी त्यांनी गाडीत काकूंना नावानं हाक मारावी, असं मी मनात म्हणत राहिलो. परतल्यावर मास्तर पाटीवर लिहून बोलायचे. तिथंही आधी "ऐकलं का?" लिहायचे, मग बाकीचं.

गेल्या महिन्यात मास्तर गेले. भेटायला गेलो तेव्हा काकूंनी विचारलं, "ते जे हरवलं, त्यात माझ्यासाठी काही होतं का रे?"

"तुमचं नाव होतं, काकू. नुसतं नाव."

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "कसं म्हणाले होते?"

मी तोंड उघडलं. मला काही ते म्हणून दाखवता आलं नाही.