वहिनी, आर्गॉन आणि माझं बोट

दिसेल त्याला हात लावल्याशिवाय मला चैन पडत नाही. वहिनींचा घरी विसरलेला चष्मा द्यायला त्यांच्या प्रयोगशाळेत गेलो, तर एका चौकटीवर केसासारख्या बारीक तारा ताणलेल्या. मी उघड्या बोटाने एक टिंग करून वाजवली. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, बाहेर."

घरी या वहिनी वेगळ्याच. टीव्हीवरच्या धुळीत दादा बोटाने 'मला पुसा' असं लिहितो, वहिनी त्याखाली 'वेळ नाही' लिहून कामावर जातात. तिथे मात्र बोटाचा ठसाही खपत नाही. त्यांचं यंत्र दूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या गॅमा किरणांची चित्रं काढणार. त्यात द्रव आर्गॉन भरतात. हवेतलाच एक वायू, गारठवून पाण्यासारखा केलेला. गॅमा किरण त्यात धडकला की इलेक्ट्रॉन सुटतात आणि सरकत तारांपर्यंत येतात. त्यावरून किरण कुठून आला ते कळतं. आर्गॉनमध्ये जराशी घाण मिसळली, की इलेक्ट्रॉन वाटेतच गडप.

संध्याकाळी दादाचा फोन. "चाचणीत चित्र उमटलं नाही ना, तर यंत्राची बलूनमधून आकाशात वर जायची जागा दुसऱ्या गटाला मिळेल. हिची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. तुझ्या बोटाचा सत्कार आपण मग करू."

त्यानंतर त्यांच्याकडे गेलो की हाताची घडी घालून बसायचो. रिमोटसुद्धा मागून घ्यायचो.

महिन्याने चाचणी झाली. मी खिशात हात घालून दाराशी उभा. टाकीशेजारी गॅमा किरण सोडणारी एक बारकी डबी ठेवली. पडदा काळाच. कोणीतरी खोकलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग एक ठिपका आला. आणखी एक. बघता बघता डबी जिथे होती, बरोबर तिथे ठिपक्यांचा पुंजका जमला! वहिनी धपकन स्टुलावर बसल्या आणि चष्मा काढून डोळे पुसू लागल्या. माझाही जीव भांड्यात पडला.

"म्हणजे वहिनी, माझ्या बोटाने काही बिघडलं नाही तर!"

"बिघडलं होतं. तुम्ही गेल्या गेल्या मी ती तार बदलली."

"अहो, मग तेव्हाच सांगायचं ना! महिनाभर माझा जीव टांगणीला!"

"म्हणूनच तर महिनाभर आमच्या घरात काही मोडलं नाही."