ॲम्ब्रोजचे चार तितर

ॲम्ब्रोज आणि मी पहिल्यांदा भेटलो ते मस्कतच्या दार्सैत भागातल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये, आणि त्या भेटीतून मी जिवंत बाहेर पडलो याचं मला अजून नवल वाटतं. दार उघडलं तर आत दोन माणसांच्या रुंदीचा एक गृहस्थ उभा. मिशा दोन्ही भिंतींना टेकलेल्या. हातात आडवी काठी आणि तिला मानेशी बांधून टांगलेले बारा मेलेले पक्षी. यमराजांनी रेडा विकला आणि ते आता लिफ्टनं फिरतात, अशी माझी खात्री पटली.

"या की आत," यमराज शुद्ध वसईच्या सुरात म्हणाले, "पण पक्ष्यांना टेकू नका. मी त्यांना एकमेकांनासुद्धा टेकू देत नाही."

मी पोट आत ओढलं. ते आत जाण्यातलं नव्हतं. चार मजले "टेकलं! टेकलं!" असा गजर ऐकत मी भिंतीला पालीसारखा चिकटून वर आलो. ओळख झाली ती अशी.

ॲम्ब्रोज एका ओमानी अर्बाबकडे, म्हणजे मालकाकडे, स्वयंपाकी होते. बर्काच्या बाजूला अर्बाबचं शेत होतं. हिवाळ्यात तिथे पाळलेले तितर सोडायचे आणि पाहुण्यांनी बंदूक चालवायची हौस भागवून घ्यायची, असा कार्यक्रम असे. पाहुणे फोटो काढून निघून जात. मग ॲम्ब्रोजचं राज्य सुरू होई. पडलेला पक्षी उन्हातून उचलायचा, पोट लगेच रिकामं करायचं, आत कोळशाचा एक कोरडा तुकडा ठेवायचा आणि सुटा टांगायचा. गरम पक्षी पोत्यात एकावर एक टाकले की आतून आंबतात, हे ते इतक्या दुःखानं सांगत, की ऐकणाऱ्याला आपणच पोत्यात असल्यासारखं वाटावं.

"आणि पिसं?" मी विचारलं होतं.

"पिसं म्हणजे त्याची गोधडी, जेपी. शिजवायच्या दिवसापर्यंत काढायची नाही. आणि पाणी? पाणी तर नावालासुद्धा नाही!"

त्यांच्या खोलीत आणखी तिघं राहत. पक्षी टांगले की ॲम्ब्रोज एसी सोळावर नेत, आणि ते तिघं मस्कतसारख्या गावात स्वेटर घालून बसत.

गेल्या जानेवारीत एका सोमवारी ते आमच्याकडे आले. हातात पुठ्ठ्याचं खोकं, चेहरा लहान मुलासारखा.

"जेनेट येतेय. शुक्रवारी."

जेनेट ही त्यांची एकुलती एक मुलगी, आयर्लंडमध्ये नर्स. दोन विमानांच्या मधे तिला मस्कतमध्ये अकरा तास मिळणार होते. लुर्डस, म्हणजे ॲम्ब्रोजची बायको, दोन हजार वीस साली वारली तेव्हा कोविडमुळे विमानं बंद होती. ॲम्ब्रोज वसईला जाऊ शकले नाहीत. जेनेट तेव्हा वसईतच होती, आईला तिनं एकटीनं पोचवलं. तेव्हापासून बापाशी तिचं फोनवरचं बोलणं 'हो', 'नाही' आणि 'ठेवते' या तीन शब्दांत आटपायचं. आणि आता तिनं आपण होऊन लिहिलं होतं: डॅडी, तुमचे तितर मिळतील? सात वर्षांची असताना ती सुट्टीत मस्कतला आली होती, तेव्हा तिनं ते दोनदा मागून खाल्ले होते.

"चार आहेत," ॲम्ब्रोज म्हणाले. "आमचा फ्रिज ही पोरं दर पाच मिनिटांनी उघडतात, आत काही उगवलंय का बघायला. तुमच्याकडे ठेवतो. वहिनी, हात लावायचा नाही हं."

"डीप फ्रीझरला टाका ना," मी म्हणालो.

"बर्फ झाला की पक्षी तिथेच थांबला. थंडीत चार दिवस नुसता पडून राहिला, तर मऊ होतो. माणसांचं तसं होत नाही, पक्ष्यांचं होतं."

आता किशोरीबद्दल. माझ्या बायकोच्या संसारात एकच कायदा आहे: बाहेरून आलेली कुठलीही वस्तू धुतल्याशिवाय फ्रिजमध्ये जात नाही. कोविडच्या काळात तिनं वर्तमानपत्र धुवायला घेतलं होतं. तिच्या दह्याशेजारी पिसांसकट, रक्ताळलेले चार पक्षी! सोमवार तिनं दात आवळून काढला. मंगळवारी ती फ्रिजकडे पाठ करून वावरली. बुधवारी मात्र तिच्यातली माया आणि स्वच्छता एकदमच उफाळून आली. 'बिचाऱ्या एकट्या माणसाला कोण मदत करणार' म्हणत तिनं चारही तितर सोलून, नळाखाली धरून, लखलखीत करून ठेवले.

संध्याकाळी ॲम्ब्रोज रोजच्यासारखे दर्शनाला आले. फ्रिज उघडून उभेच राहिले.

"वहिनी... धुतले?"

"चार पाण्यांनी!" किशोरी अभिमानानं म्हणाली. मग त्यांच्याकडे बघून, हळूच, "धुवायचे नव्हते?"

मी ओरडा ऐकायच्या तयारीनं खुर्चीमागे सरकलो. ते खाली बसले. मिशा एकदम सामान्य आकाराच्या दिसायला लागल्या.

"ओला पक्षी दोन दिवस टिकत नाही, वहिनी. शुक्रवार कसला गाठतोय?"

"दुसरे आणू," मी म्हणालो.

"पुढची शिकार फेब्रुवारीत."

किशोरी रडायला लागली. त्यावर ॲम्ब्रोजच उठले. "अहो, कोणी मेलंय का? म्हणजे हे चार सोडून. यल्ला, चला, जुना मऊ कपडा काढा."

माझे मलमलचे तीन सदरे त्या दिवशी धारातीर्थी पडले. पक्षी टिपून कोरडे केले, पंख्याखाली फिरवले, मीठ-मिरी चोळली, सुक्या फडक्यात सुटे गुंडाळून फ्रिजच्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवले. गुरुवारी किशोरीनं दिवसभर फडकी बदलली. कोणी फ्रिजला हात लावला तर ती वाघिणीसारखी बघे. मी तो दिवस कोमट पाण्यावर काढला.

एक गोष्ट मात्र परत येणारी नव्हती. रक्ताची गाठ दिसली की तिथे बंदुकीचा छर्रा, ही ॲम्ब्रोजची खूण. आता पक्षी गोरेपान. ते डोळे मिटून बोटांनी चाचपत बसले आणि सात छर्रे काढले.

"झाले सगळे?"

"इन्शाल्ला," ॲम्ब्रोज म्हणाले.

शुक्रवारी दुपारी जेनेट आमच्या टेबलाशी बसली. बापासारखीच रुंद, पण घुमी. तितराला वास नव्हता, रंग सुंदर आला होता. तिनं पहिला घास घेतला. आम्ही तिघं तिच्या जबड्याकडे बघत होतो.

"सेम," ती म्हणाली.

"काय सेम?" ॲम्ब्रोजनी विचारलं.

"टेस्ट, डॅडी. तेव्हासारखीच आहे."

दुसऱ्या घासाला कट्‌ असा आवाज झाला. आठवा छर्रा. दाढेचा अर्धा तुकडा बशीत पडला.

शुक्रवारच्या सुट्टीतही उघडा असलेला दातांचा दवाखाना रुवीत तिसऱ्या प्रयत्नाला सापडला. तिथे दोन तास नंबर लावून बसलो. जेनेटच्या तोंडात कापसाचा बोळा. तिला बोलता येत नव्हतं, म्हणून ॲम्ब्रोज बोलले. लुर्डस गेली त्या दिवशी विमान नाही हे माहीत असूनही ते बॅग घेऊन विमानतळावर गेले होते. बंद दारासमोर संध्याकाळपर्यंत बसले होते. शेवटी एका पोलिसानं पाणी पाजून टॅक्सीत बसवलं होतं. "कोणाला सांगितलं नव्हतं. सांगून काय, पोचलो तर नव्हतोच ना."

जेनेटनं कापसासकट काहीतरी म्हटलं. आम्हाला ते कळलं नाही. मग तिनं डोकं बापाच्या खांद्यावर ठेवलं आणि नंबर येईपर्यंत काढलं नाही. मी समोरचा दात घासण्याचा तक्ता तीनदा वाचून काढला.

संध्याकाळी तिचं विमान गेलं. त्यानंतर तिचे फोन मोठे व्हायला लागले. गेल्या उन्हाळ्यात तीन महिने ॲम्ब्रोज तिच्याकडे राहून आले.

तिकडे दुकानात तितर साफ करून, छर्रे काढून, प्लास्टिकमध्ये बंद मिळतात. ॲम्ब्रोजना ते आवडले नाहीत. त्यांनी तीन महिने चिकन खाल्लं.