खाडीकडच्या वॉर्डाची अनामत

साल १९९५. महापालिकेच्या निवडणुकीचे अर्ज भरायच्या शेवटच्या तारखेआधीचा रविवार. रक्कम पाचशे रुपये, म्हणजे पंचवीस घरांचे प्रत्येकी वीस. हजर आठ जण: आमच्या इमारतीचे सेक्रेटरी, जे निवृत्त शिक्षक होते, माझी बायको, शेजारच्या इमारतीतल्या दोघी, कोळीवाड्यातल्या तिघी, आणि मी. पैकी मला मोजणीत धरायचं नव्हतं. मी ठाण्याला सरकारी कचेरीत कारकून. सरकारी नोकराने कुठल्याही उमेदवाराच्या मागे उभं राहायचं नसतं, म्हणून वर्गणी बायकोच्या नावाने जमली. मी फक्त चहा द्यायला खोलीत आलो होतो, असं विचारलंच कुणी तर सांगायचं ठरलं होतं. चहा मीच केला होता, त्यामुळे ते खोटंही झालं नसतं.

हे पाचशे रुपये कशाचे, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी डोंबिवलीत आलो तो १९८१ साली. पश्चिमेला, खाडीच्या बाजूला तीन मजल्यांची नवी इमारत होती, त्यात दीड खोली. पलीकडे दुसरी तशीच इमारत, मग बैठ्या चाळी, आणि उताराच्या शेवटी कोळीवाड्याची गल्ली. पाण्याची लाइन एकच. ती स्टेशनकडून यायची आणि आमच्यापर्यंत पोचेतो दमायची. इमारतींना टाक्या होत्या, पंप होता, तरी आठवड्यातून दोन दिवस टँकर. कोळीवाड्याला तर अख्ख्या गल्लीत मिळून एकच नळ, तोही गल्लीच्या तोंडाशी.

आता या पाण्यासाठी मत कुणाला द्यायचं, हा प्रश्न आम्हाला पडायला हवा होता. तो पडत नसे, कारण तशी निवडणूकच नव्हती. नगरपालिका गेली, महापालिका आली, आणि तिच्यावर प्रशासक बसला. तो अकरा-बारा वर्षं बसून राहिला. तिकडे ठाण्याला महापालिकेची निवडणूक झाली, नगरसेवक झाले, त्यांची भांडणं पेपरात यायला लागली. आम्ही ती हेव्याने वाचत असू. आमच्याकडे लोकसभेची निवडणूक यायची, तेव्हा देशाचं बोलणं व्हायचं. विधानसभेची यायची, तेव्हा पुलाचं. नळाबद्दल विचारलं की दोन्ही उमेदवार एकच उत्तर द्यायचे: "ते महापालिकेच्या अखत्यारीत येतं."

माझी स्वतःची मतदानाची गोष्ट याहून लहान आहे. या काळात मी एकदाही मत दिलं नाही. प्रत्येक निवडणुकीला मला ड्युटी लागायची. कोपरीच्या शाळेत, ठाकुर्लीला, एकदा शीळफाट्याच्या पुढे एका गावात, जिथे आदल्या रात्री बाकावर झोपलो आणि सकाळी गावच्या लोकांनी भाकरी दिली. माझं काम बहुतेक वेळा बोटाला शाई लावायचं. हजारो बोटांना लावली असेल. संध्याकाळी पेटी सील करून घरी यायचो, तर बायको आपलं बोट दाखवून म्हणायची, "तुमचं बघू? कोरंच. दुसऱ्याच्या लग्नात वाढप्याचं काम, आणि स्वतः उपाशी."

महापालिकेची निवडणूक जाहीर झाली आणि आमचा वॉर्ड स्त्रियांसाठी राखीव निघाला. पक्षांनी उमेदवार दिल्या, त्या सगळ्या स्टेशनकडच्या, जिथे पाण्याला जोर होता. सेक्रेटरींचं म्हणणं पडलं की आपल्या बाजूची एक अपक्ष उभी करावी. इमारतीतल्या बायकांना विचारून झालं. एकीने सांगितलं, "घरी विचारते." दुसरी म्हणाली, "मुलीची दहावी आहे." तेव्हा बायको बोलली, "मावशी का नाही?"

मावशी म्हणजे आमच्या फाटकापाशी पाटी घेऊन बसणारी कोळीण. वय पंचेचाळीसच्या आसपास. भाव एकदाच सांगायची. महिन्या-दोन महिन्यांनी गल्लीतल्या चार बायका आणि एक रिकामी कळशी घेऊन ती महापालिकेच्या ऑफिसात जायची, ती कळशी साहेबाच्या टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, "ही भरून द्या, मंग जाताव." वॉर्डातली जी व्यक्ती त्या ऑफिसातल्या शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती, ती ही एकच.

वर्गणीच्या त्या रविवारी ती आली तेव्हा उंबऱ्याशीच बसली. सेक्रेटरी म्हणाले, "मावशी, खुर्चीवर बसा. उमेदवार आहात."

"खुर्ची निवडून आल्यावं," ती म्हणाली. मग पैशांकडे बघून, "ह्ये पैसं गेलं तर?"

सेक्रेटरींनी समजावलं. एकूण मतांचा कायद्याने ठरलेला हिस्सा मिळाला तर अनामत परत, नाहीतर जप्त.

"मना निवडून यायचा नाय म्हाईत हाय," मावशी म्हणाली. "मी येडी नाय. पन आमचे गल्लीन किती मतं हायेत, ती एकदा त्यांना दिसू दे. पैसं जप्त झालं, तर बोलतील, खाडीवं कोन ऱ्हातंच नाय. मंग नल जल्मात नाय येनार."

तिचं म्हणणं बरोबर होतं. आमच्या सगळ्यांसाठी ती निवडणूक तेवढीच होती. जिंकणं कुणाच्या मनात नव्हतं. अनामत वाचली, की पुढचा नगरसेवक, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, उताराच्या या बाजूला यायला बांधील होता.

निशाणी मिळाली शिलाई मशीन. मावशी वैतागली. "मना सुईन दोरा घालता येत नाय. व्हरी नव्हती काय त्यांचेकडं?" व्हरी म्हणजे होडी. तरी तिने गल्लीतल्या पोरांकडून भिंतीवर मशीन काढून घेतली. एक चाक मोठं झालं, त्यामुळे ती मशीन कमी आणि हातगाडी जास्त दिसायची.

हिशेब मी करून दिला. अनामत वाचवायला अंदाजे सहाशे मतं लागणार. कोळीवाडा, दोन इमारती आणि मागच्या चाळी मिळून खात्रीची सहाशे चाळीस. सेक्रेटरींनी दोन्ही इमारतींची सभा घेतली आणि मावशीला पाठिंब्याचा ठराव सर्वानुमते मंजूर केला. आमच्याकडे सोसायटीची निवडणूक कायम बिनविरोध व्हायची, त्यामुळे एकदा ठराव झाला की मतदान झाल्यासारखंच सगळ्यांना वाटलं. मीही त्यातलाच.

मतदानाला चार दिवस उरले आणि ड्युटीचे हुकूम आले. एक माझा, तो येणार हे ठाऊक होतं. पण आमच्या इमारतीत राहत होतं कोण? शिक्षक, बँकेतले, मंत्रालयातले, पाटबंधारे खात्यातले. दोन्ही इमारतींत मिळून अडतीस हुकूम. कोणी कल्याणला, कोणी टिटवाळ्याच्या बाजूला. अडतिसांपैकी एकही जण मतदानाच्या दिवशी वॉर्डात असणार नव्हता. सरळ वजाबाकी केली तर सहाशे दोन. पण ती वजाबाकी अपुरी होती. इमारतीतल्या बायका मतदानाला नवऱ्याबरोबर जायच्या, जेवणं आटोपून, दुपारी, इस्त्रीची साडी नेसून. नवरा नसेल तर "हे आले की जाऊ" असं म्हणत दिवस जायचा. ही मतंही वजा केली तर आम्ही सहाशेच्या बऱ्यापैकी खाली जात होतो.

संध्याकाळी सेक्रेटरी आणि बायको मावशीच्या ओट्यावर गेले. मी लांब उभा राहिलो. मावशीने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे मतं घेनारं तुमी," ती माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाली, "आन देनारं कोन, भाऊ?"

उत्तर दिलं ते बायकोने.

"ड्युटी यांना लागलीय मावशी, आम्हाला नाही."

पुढचे तीन दिवस बायको दोन्ही इमारतींचे जिने चढत-उतरत होती. एका घरात नेहमीचं उत्तर मिळालं, "हे आले की जाऊ." तिथे ती म्हणाली, "हे पाचला मतदान संपवणार, मग पेटी पोचती करून दहाला येणार. तोवर तू काय हातात शिक्का धरून बसणारेस?" मी हे जिन्यातून ऐकलं. त्या घरातलं हसणं खालच्या मजल्यापर्यंत आलं.

दुसरी अडचण कोळीवाड्याची होती. बायका पहाटे मासळी आणायला जायच्या आणि मग बाजारात बसायच्या. केंद्र उघडताच मत देऊन पळाल्या तरच त्यांचा धंदा व्हायचा. रांगेत तासभर गेला तर त्या सोडून निघून जाणार, यात शंका नाही. मग दोन्हीकडच्या बायकांनी मिळून तोड काढली. पाण्याच्या नळावर नंबर लावायची आमच्याकडे एक रीत होती. बाई स्वतः उभी नसली तरी तिची कळशी रांगेत असली की तिचा नंबर पक्का, आणि राखायला पाच कळश्यांमागे एक बाई पुरे. रॉकेलच्या दुकानातही डबे असेच लागायचे. ही रीत इतकी अंगवळणी पडलेली, की मतदान केंद्रावर ती चालेल की नाही, हा विचार एकीच्याही मनात आला नाही. माझ्याही नाही.

मतदानाच्या दिवशी मी कल्याणच्या एका शाळेत शाई लावत होतो. आमच्या केंद्रावर काय झालं ते मला बायकोने सांगितलं. नंतर इतक्या जणींनी सांगितलं की आता मीच तिथे होतो असं वाटतं.

दार उघडायच्या आधी हवालदार बाहेर आला तर शाळेच्या भिंतीला लागून ओळीने कळश्या. तांब्याच्या, पितळेच्या, दोन प्लॅस्टिकच्या. मध्ये मध्ये आमच्या इमारतीतल्या बायका, अंघोळ करून, केस ओले, पहारा देत.

"काय हो बाई, हे काय? पाणी भरायला आलात का?"

"नंबर लावलेत," बायको म्हणाली. "ज्यांचे आहेत त्या येतायत."

"अहो, हे मतदान केंद्र आहे. इथं माणसाचा नंबर लागतो, भांड्याचा नाही. उचला!"

तेवढ्यात मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन कोळणी पोचल्या. मावशीची जाऊ सगळ्यांत पुढे. तिने कळशी उचलली, तिच्या जागी स्वतः उभी राहिली आणि हवालदाराला म्हणाली, "घ्या, झाला मानसाचा नंबर. आता आमची पाटी कंच्या कायद्यान बसते ता सांगा."

पाट्या आत न्यायला परवानगी नव्हती. कळश्या आणि पाट्या लांब वडाखाली गेल्या, आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईने मांजरं हाकलत त्या राखल्या. त्या दिवशी तिची एकादशी होती. पुढे कित्येक वर्षं ती हे सांगायची, आणि दर वेळी मासळी थोडी मोठी होत जायची. मत देऊन झालेल्या कोळणी बाजाराकडे गेल्या, मग इमारतीतल्या बायकांनी मतं दिली. नेहमी दुपारी तीनला निघणारी आमची इमारत नऊच्या आत मोकळी. नवऱ्याविना गेलेल्या कितीतरी जणींची ती पहिलीच वेळ होती. परतताना त्या बोटांना फुंकर घालत, मोठ्याने बोलत आल्या, असं सेक्रेटरींनी मला मुद्दाम सांगितलं.

मोजणीला मी रजा काढून गेलो, आणि मागे उभा राहिलो. मतपत्रिका हाताने मोजायच्या, पेटीवार. मावशी बाकावर पदर तोंडाशी धरून बसली होती. पहिल्या पेट्या स्टेशनकडच्या. त्यात शिलाई मशीनला सात, अकरा, चार. मग आमच्या दोन पेट्या उघडल्या. मतपत्रिकांचे गठ्ठे बांधणाऱ्या कारकुनाने मशीनच्या खान्यासाठी दुसरी दोरी मागितली, कारण एक पुरेना.

अनामतीला लागत होती पाचशे अठ्ठ्याऐंशी. मावशीला मिळाली सहाशे सात.

"जिकलाव का हरलाव?" तिने विचारलं.

"हरलो. तिसऱ्या नंबरवर," मी म्हणालो.

"आन पैसं?"

"पैसे परत मिळणार."

ती पदर बाजूला करून हसली. "मंग मासलीचा बर्फ बगायला जाताव," म्हणाली, आणि खरंच बाजारात निघून गेली.

निवडून आलेल्या नगरसेविका आठव्या दिवशी नवऱ्यासकट कोळीवाड्यात आल्या. नवऱ्याच्या हातात पेटीवार आकडे होते. तो स्पष्ट माणूस होता. गल्लीच्या तोंडाशी उभा राहून म्हणाला, "मावशी, या दोन पेट्यांत तुम्ही आम्हाला पार झोपवलंत. पुढच्या खेपेला असं चालायचं नाही. काय पाहिजे बोला."

मावशीने घरातून कळशी आणून त्याच्या पुढ्यात ठेवली. बाई हसल्या. त्यांना महापालिकेतल्या कुणीतरी आधीच सांगून ठेवलं असावं.

लगेच काही झालं नाही. मोजमाप झालं, मग पावसाळा आडवा आला, मग पाइप आले आणि रस्त्याकडेला पडून राहिले, त्यांवर पोरं घसरगुंडी खेळली. पण लाइन टाकली गेली. गल्लीला तीन जादा नळ मिळाले आणि आमच्या इमारतींचा टँकर महिन्यातून एकदावर आला. पुढच्या निवडणुकांना सगळ्या पक्षांचे लोक उतार उतरून खाली यायला लागले. मला त्या वेळीही ड्युटी होतीच. पण बायको आता माझ्या बोटाकडे बघत नव्हती. केंद्राबाहेर सगळ्यांत आधी कोण पोचतं, यावर तिची आणि मावशीची पैज लागायची.

अनामत परत मिळायला अर्ज, स्मरणपत्र आणि सात-आठ महिने लागले. पैसे आले त्या दिवशी बायको पंचवीस घरांचे वीस-वीस परत द्यायला निघाली. एकानेही घेतले नाहीत. मावशीने ते गल्लीतल्या एका म्हाताऱ्या विधवेच्या घरात नळ घ्यायला वापरायचे ठरवले, कारण तिला कळशी उचलवत नव्हती.

पाचशे रुपये, नळजोडणीचा आकार, महापालिकेच्या पाणी खात्याला भरले. वर बावीस रुपये प्लंबरला, ते मावशीने दिले.